टोल कापल्याचा मेसेज

याकूबच्या मासळीच्या टेम्पोचा फास्टॅग बायकोच्या, म्हणजे रुमानाच्या, नंबरवर होता. कोल्हापूरहून परतताना टोल कापल्याचा मेसेज आला, की टेम्पो घाट सुखरूप उतरला हे तिला कळायचं आणि ती भात लावायची. आज दुपार टळली तरी मेसेज नव्हता, त्याचा फोनही लागत नव्हता. धुतलेले तांदूळ तसेच राहिले होते.

अखेर अंगणात हॉर्न वाजला.

"नाक्यार मशीन बंद. रोख दिलंय, तर सुटे नाय म्हणान ही चॉकलेटां हातार ठेवल्यानी," याकूब उतरता उतरताच करवादला. "चॉकलेटांनी पोट भरतला काय?"

रुमानाने त्यातलं एक सोलून तोंडात टाकलं.

"आज भरतला," ती म्हणाली आणि भात लावायला आत गेली.