पानभर झेंडू

"साठी उलटली आणि चिकटवह्या करतेस? बालवाडीत नाव घालू का?" हे म्हणाले. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण यांची हेटाळणी काही निवृत्त होईना.

मी कात्री उचलली. कागदाची पाकळी कात्रीच्या पात्यावरून ओढली की अलगद वळते. त्या सुखात असली बडबड मला ऐकूच येत नाही.

एकदा घरी आलेल्या पाहुण्यांसमोर यांनीच माझं हसं करायला वही उघडली. पानभर पिवळाधमक झेंडू फुलला होता. पाहुणे हरखले. यांना तेवढा एका पाकळीवरचा छापील शब्द दिसला, 'विद्यार्थिप्रिय'.

"माझं मानपत्र!"

"सगळीच वापरली," मी म्हणाले. "मजकुरात काही दम नव्हता. कागद मात्र छान होता."