परतीचा सिलिंडर

कॅरव्हॅनचं टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत संघपालनं बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही.

"नाय काका, अजून टेकतंय," तो म्हणाला. "एखाद्या खड्ड्यात आदळली की टायर फुटंल."

मधुसूदन पुन्हा आत शिरला आणि स्वतःची गादी ओढत बाहेर घेऊन आला. अंगणात पाण्याच्या पिंपाशेजारी ती पडली. सकाळपासून शेगडी, खुर्च्या, कपड्यांच्या बॅगा असं एकेक बाहेर येत होतं. ज्योतीनगरातले येणारे-जाणारे तो पसारा बघून 'घर बदलताय का?' असं विचारत होते. त्यांना उत्तर द्यायचीही त्याला फुरसत नव्हती.

तोल त्यानं चोख साधला होता. ओझं मागं गेलं की पुढचा दांडा उचलला जातो आणि घाटात कॅरव्हॅन डुलत डुलत ओढणाऱ्या गाडीलाच दरीत घेऊन जाते, हे त्याच्यासारख्या इंजिनिअरला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून तर ऑक्सिजनचे दोन्ही मोठे सिलिंडर त्यानं मधोमध, चाकांच्या वर, पट्ट्यांनी आवळून उभे केले होते. पण तोल साधला म्हणून वजन थोडंच कमी होतं?

त्याची बायको भानुमती पुढच्या गाडीत मागच्या सीटवर उशांना टेकून बसली होती. नाकात नळी, पायाशी छोटा सिलिंडर. गुलमंडीजवळच्या शाळेत तिनं आयुष्यभर फळ्यावर कोकणचा किनारा काढला होता. एक रात्र त्या किनाऱ्यावर लाटा ऐकत झोपायचं, एवढंच तिचं मागणं, आणि नेमकं तेच राहून गेलं होतं. परवा डॉक्टरांनी मधुसूदनला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांच्या मनात काही असेल तर आताच करा. तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

संघपालनं पुन्हा बोट घातलं आणि मान हलवली. ही कॅरव्हॅन छावणीतल्या त्याच्याच वर्कशॉपमध्ये बांधलेली. तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांना किती सोसवतं, ते त्याला माहीत होतं.

"आता आत काय राहिलंय, काका?"

"हिचा पलंग. आणि ते दोन सिलिंडर."

"एक काढला तर?"

"मुळीच नाही." मधुसूदनचा आवाज चढला. "तिकडं कुठंच भरून मिळत नाही. चार ठिकाणी फोन केले मी. एक जायला आणि तिथल्या रात्रीला. दुसरा परतीला."

मधुसूदन आत जाऊन कपाटाचं लाकडी दार उपटायला लागला. बिजागरी निघेना. त्यानं दाराला लाथ घातली, मग तिथंच खाली बसला आणि तोंडावर हात दाबून लहान मुलासारखा रडला.

गाडीची काच खाली आली.

"अहो." भानुमतीला दोन-चार शब्दांनंतर थांबावं लागत होतं. "उजेड आहे तोवर घाट उतरायचाय ना?"

"हो. एवढं दार निघालं की..."

"राहू दे ते दार. एका सिलिंडरमध्ये... रात्र होईल ना तिथं?"

तो दारात येऊन उभा राहिला. "होईल."

"मग एकच घ्या."

"आणि परत येताना?"

"परत येताना... मला नाही लागायचा." दुसरी पोळी नको म्हणावं, तशा आवाजात ती म्हणाली आणि तिनं काच वर केली.

पट्ट्याचं बक्कल काही मधुसूदनच्या हातानं सुटलं नाही. शेवटी संघपालच वर चढला. दोघांनी मिळून सिलिंडर बुडावर फिरवत फिरवत दाराशी आणला आणि खाली उतरवला. कॅरव्हॅन हलकेच वर उचलली गेली.

मधुसूदननं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. गाडीचं दार उघडून तो बसणार, तेवढ्यात मागं फिरला. अंगणातल्या सिलिंडरची चावी घट्ट बंद आहे ना, ते त्यानं दोनदा बघितलं. मग खिशातून घराची किल्ली काढून संघपालच्या हातात दिली.

"हा आत ठेव, सावलीत," तो म्हणाला. "आल्यावर लागेल हिला."