फोटो काढणारी

केतकीच्या कादंबरीला पुरस्कार मिळाला म्हणून आईने डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या घरामागच्या हिरवळीवर तिथलं अख्खं मराठी मंडळ जेवायला बोलावलं. कादंबरी निघाली होती एका जुन्या फोटोतून. डेट्रॉइटमधल्या घराच्या पायरीवर बसलेली एक काळी बाई, आणि तिच्या पायाशी फोटो काढणारीची सावली. त्या सावलीला केतकीने नाव दिलं, त्या दोघींना चाळीस वर्षांचा संसार दिला.

"चाळीस वर्षं एका घरात, आणि कुणालाच कळलं नाही?" विनीताकाकूंनी पुरीला श्रीखंड लावत विचारलं.

"घरच्यांना कळलेलं असतं, काकू. ते फक्त रूममेट म्हणून सांगतात."

काकूंनी डेनीसकडे पाहिलं. डेनीस डेट्रॉइटची, काळी, सहा वर्षं केतकीबरोबर राहणारी. मंडळात तिची ओळख रूममेट अशीच होती.

आई घाईने उठली. "चला चला, ऊन आहे तोवर फॅमिली फोटो! डेनीस, यू टेक इट, प्लीज. यू टेक सो नाइस!"

डेनीसने केतकीकडे एकदा पाहिलं आणि फोन हातात घेतला. केतकी आईबाबांच्या मधे जाऊन हसली.

फोटो छान आला.

"ग्रुपवर टाकण्याआधी ती खालची सावली तेवढी काढ गं," आई म्हणाली.

केतकीने क्रॉप करून पाठवला.