चादरीचा झोल

१९७४ साली अनसूया पुण्याहून गुरुत्वाकर्षणावर संशोधन करून आपल्या गावी परतली आणि तिथल्या नव्या पेठेतल्या चादरींच्या दुकानदारांनी हौसेनं तिचं व्याख्यान ठेवलं. "अवकाश म्हणजे ताणलेली चादर समजा," असं म्हणत तिनं वडिलांच्याच मागावरची चादर चौघांच्या हातात दिली आणि मधोमध तराजूचं पाच किलोचं वजन ठेवलं. "हा सूर्य. याच्या भारानं चादरीला झोल पडतो. त्या झोलात गोटी फिरते ना, तशी आपली पृथ्वी फिरते."

पहिल्या रांगेतून तिचे वडील मल्लय्या ताडकन उठले.

"झोल? माझ्या चादरीला? अनसू, निम्मी गिऱ्हाइकं हितंच बसलीत की!"

"नाना, झोल पडला तरच गुरुत्वाकर्षण कळतं."

"मग नगं कळू दे! ओढा रे, लई ढिली धरलीय तुमी!"

चौघंही विणकर. त्यांनी चादर अशी ओढली, की सूर्य पाटावर बसल्यासारखा बसला आणि अनसूयेनं सोडलेली पृथ्वी सरळ घरंगळत अध्यक्षांच्या मांडीत पडली.

"झोलच पायजे तर आपल्या दुकानासमोरच्या हाशमभाईच्या दुकानातली आण," मल्लय्या ऐटीत म्हणाले.

मागच्या रांगेतल्या हाशमभाईंनी उठून चादर आणून दिली. हा एवढा झोल पडला, पृथ्वी झकास फिरली. सगळ्यांत जोरात टाळ्या मल्लय्यांनीच वाजवल्या.


दुसऱ्या दिवशी हाशमभाईंच्या दुकानावर पाटी होती आणि पाटीखाली ही गर्दी: 'हीच ती चादर! सूर्य निजला, तरी फाटली नाही.'