खुब्याची वाटी

"एक्स-रे पुन्हा बघा, डॉक्टर," वनिता म्हणाली. "ऑपरेशन फसलंय आणि तुम्ही आम्हाला सांगत नाही."

तिची गार्गी पुन्हा लंगडायला लागली होती. वनिताचा स्वतःचा खुबा जन्मापासून निखळलेला. लहानपणी कुणी उपचारच केले नाहीत. लेकीचं तसं होऊ नये म्हणून तिने वेळेत ऑपरेशन करून घेतलं होतं.

"खुब्याची वाटी उथळ होती, ती आता छान खोल होतेय. सांधा नीट वाढतोय," डॉक्टर म्हणाल्या. वनिताला ते पटेना.

डॉक्टरांनी गार्गीला एकटीलाच दारापर्यंत चालायला सांगितलं. ती जराही न लंगडता गेली.

"मग आईबरोबर का गं लंगडतेस?"

"आईचा हात धरला की मी तिच्यासारखीच चालते," गार्गी म्हणाली. "नाहीतर ती मागे राहते."