मंजुळाबाईंचा विसराळूपणा

सत्तरीतल्या मंजुळाबाईंना विसरायला होतंय, असं वाटून नवरा सोनाजी त्यांना मुकुंदवाडीतल्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन आला. तारीख, वार, सगळ्या नातवंडांची नावं मंजुळाबाईंनी धडाधड सांगितली.

"आजोबा, आजींची स्मरणशक्ती एकदम पक्की आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग लग्न झाल्यावर मी हिला वेरूळची लेणी दाखवली, ते कसं नाय आठवत? मला तर लई नीट आठवतंय. हिरवं पातळ, केसात अबोली, हातात हात घेऊन फिरलो."

मंजुळाबाई सावकाश नवऱ्याकडं वळल्या.

"व्हय वो, मी तर अजून वेरूळ बघितलंच नाय. कोण व्हती ती?"

सोनाजीनं घाईघाईनं आपली खुर्ची डॉक्टरीणबाईंजवळ सरकवली.

"बाई, विसरायला मलाच होतंय. गोळ्या माझ्याच नावानं लिवा."