दमलेला अडॅप्टर

सून साखर किती उडवते ते पाहायला सासूबाईंनी घरात कॅमेरा बसवला. चित्रण साठायचं टीव्हीखालच्या डब्यात. त्यात साखर कमी आणि लेकाचे गुद्देच जास्त भरले. पुढे डबा सुरू होईना आणि लेकाला हायसं वाटलं. सुनेच्या तक्रारीवरून पोलीसबाई आल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “माझा लेक मुंगीसुद्धा मारत नाही हो!” मदतीला आलेल्या सुनेच्या भावाने डब्यातल्या, चित्रण साठवणाऱ्या डिस्क काढल्या, डबा चालू झाला. परत बसवल्या, तर लगेच बंद. तो बहिणीला म्हणाला, “ताई, डिस्क ठणठणीत आहेत. अडॅप्टर दमलाय, भार पडला की मान टाकतो.” त्याने नवा अडॅप्टर जोडला. टीव्हीवर सुनेचं डोकं भिंतीवर आपटताना लेक स्पष्ट दिसला. ते पाहून भडकलेल्या लेकाने पोलीसबाईंसमोरच बायकोचे केस धरले. शेजाऱ्यांना किंकाळी ऐकू जाऊ नये म्हणून सासूबाई उठल्या आणि सवयीने खिडक्या लावू लागल्या.